चौकटीबाहेर गेलेला अध्यक्ष

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी वडखळजवळच्या मैदानात नमिता बांबूच्या मचाणावर उभी राहून कॅमेऱ्यातलं चित्र तपासत होती. कबड्डीचे सामने मोबाईलवर थेट दाखवणं हा तिचा धंदा. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष काळुराम याने यंदा तिचे निम्मे पैसे कापले होते. चित्र मात्र गेल्या वर्षीसारखंच हवं होतं. म्हणून तिने तीनऐवजी एकच कॅमेरा आणला आणि इंटरनेटही एकाच सिमकार्डावर भागवलं.

पण मैदानामागे काळुराम आणि इतर पुढाऱ्यांचे फोटो आलटून पालटून दाखवणारा शुभेच्छांचा भलामोठा एलईडी फलक सारखा लुकलुकत होता. चित्रातले ते बदलते चेहरे पाठवण्यातच अर्धं इंटरनेट खर्च होई आणि खेळाडूंचे पाय धुरकट दिसत. फलक बंद करा, असं तिने दोनदा सांगितलं. कुणी ऐकलं नाही, तेव्हा तिने कॅमेरा खाली झुकवला. फलक चौकटीबाहेर गेला आणि बोनस रेषा लख्ख दिसू लागली.

हातात मोबाईल नाचवत काळुराम मचाणाखाली आला.

"काय गो नमिता, माझा फोटो कुठं हाय?"

"एवढ्या पैशात एकतर तुम्ही दिसाल शेठ, नायतर खेळाडू."

"कॅमेरा वर कर. नायतर उद्या येऊ नको."

"वर होणार नाय. चित्र फाटलं की लोक शिव्या मला घालतात, तुम्हाला नाय."

तिने कॅमेऱ्याचा स्क्रू आवळला. काळुरामने तिथूनच लग्नांचं शूटिंग करणाऱ्या धनेशला फोन लावला.

उपांत्य सामने उद्या सकाळी नऊला सुरू होतील आणि कॅमेरा धनेशचा असेल. नमिता त्या वेळी रोह्यात एक साखरपुडा थेट दाखवणार आहे.