बॅटरीवरचा घोडा

माझ्या अक्कानं एकसष्टाव्या वर्षी गेमिंगचा लॅपटॉप घेतला, तेव्हा आमच्या घरात तीन दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही.

अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. लहानपणी पोलिओ झाला आणि तिचे दोन्ही पाय गेले. कलघटगीच्या घरी ती आमचा थोरला भाऊ अण्णा आणि वहिनींबरोबर राहते. हातानं फिरवायच्या शिलाई मशीनवर तिनं चाळीस वर्षं अर्ध्या गावाचे ब्लाऊज शिवले. मग खांदे जायला लागले आणि डॉक्टरांनी मशीन बंद करायला सांगितलं. बोटं मात्र तशीच चपळ राहिली. मी धारवाडला शाळेत गणित शिकवते, राहते नवनगरात. शनिवारी शाळा सुटली की बस पकडून तिच्याकडे जाते.

त्या दिवाळीत अण्णाची मुलगी सुट्टीला आली होती. तिच्या लॅपटॉपवर एक खेळ होता. त्यात घोड्यावर बसून डोंगरदऱ्यांतून हिंडायचं, नद्या ओलांडायच्या, वाटेल तिकडं जायचं. तिनं गंमत म्हणून अक्काची बोटं बटणांवर ठेवली. घोडा चालायला लागला. दोन तास झाले तरी अक्का फराळाला यायला तयार नव्हती. वहिनी बोलवायला गेल्या तर म्हणाली, "थांबा, त्या टेकडीपलीकडं काय आहे ते बघून येते."

भाची परत गेल्यावर आठवड्यानं अक्कानं मला फोन केला. "तसला लॅपटॉप मला पाहिजे. भारीतला. हलका घेऊ नको, त्यावर गवत हलत नाही म्हणे."

पैसे तिचे, तिच्या शिवणकामाचे. तेव्हा विचारायचं कुणाला? कोप्पीकर रोडवरच्या एका दुकानातून मी तो घेतला. बॅटरी किती चालेल असं मुद्दाम विचारलं, कारण कलघटगीत दुपारी वीज कधी जाईल याचा नेम नसतो. "आठ तास, मॅडम. डोळे झाकून न्या," मॅनेजर म्हणाले.

पहिल्याच शनिवारी दुपारी वीज गेली. अक्काचा घोडा तेव्हा नदीच्या मध्यावर होता. पंखा थांबला आणि त्याच क्षणी पडद्यावरचा घोडाही अडखळायला लागला. एक पाऊल टाकायचा, गोठायचा, एकदम चार पावलं पुढं दिसायचा. अक्कानं बटण दाबलं तर तो अर्ध्या क्षणानं वळायचा. शेवटी प्रवाहात पडला आणि वाहून गेला. अक्कानं डोळे मिटून कपाळ धरलं.

"काय झालं गं?"

"गरगरायलंय. मशीन टाके सोडायलंय बघ," ती म्हणाली.

घरातला जुना इन्व्हर्टर दोन दिवे आणि एक पंखा ओढायचा. त्यावर लॅपटॉपचा तो विटेएवढा चार्जर लावला की शिट्टी मारून बंद पडायचा. म्हणजे वीज गेली की बॅटरीशिवाय गत्यंतर नाही, आणि बॅटरीवर घोडा लंगडा.

मी दुकानात फोन केला. मॅनेजर हसले. "मॅडम, बॅटरी म्हणजे पत्र लिहायला, व्हिडिओ बघायला. आठ तास त्याचेच. गेम कुणी बॅटरीवर खेळतं का?"

मी हे अक्काला सांगितलं. मला वाटलं, ती सोडून देईल. खरं सांगायचं तर ती सोडून देईल अशी माझी थोडी इच्छाही होती. वाद घालायला मी कधीच पुढं नसते. अक्का म्हणाली, "हे त्यांनी विकताना सांगितलं होतं?"

"नाही."

"मग रिक्षा ठरव. मी येते."

दुकानाला तीन पायऱ्या होत्या. रिक्षावाल्यानं आणि मी मिळून चाकाची खुर्ची वर घेतली. मॅनेजर माझ्याशीच कन्नडमध्ये बोलायला लागले, अक्काच्या डोक्यावरून. "मॅडम, अज्जींना त्रास कशाला दिलात? त्यांना पत्त्यांचा वगैरे साधा खेळ टाकून देतो. डोळ्यांनाही बरा."

अक्का त्यांच्याहून स्वच्छ कन्नडमध्ये म्हणाली, "अज्जी तुमच्या घरी. इथं मी गिऱ्हाईक आहे. समोर मांडलेला तो मोठा लॅपटॉप चालू आहे ना? त्याची वायर काढा."

"कशाला?"

"काढा की. मला बघायचंय."

मॅनेजर इकडंतिकडं बघायला लागले. दुकानात आणखी तीन-चार गिऱ्हाइकं होती, तीही थांबून बघायला लागली. शेवटी अक्कानंच हात लांब करून वायर उपसली. पडद्यावरच्या खेळात धावणारी मोटार क्षणात झटके खात चालू लागली. एक गिऱ्हाईक शेजारच्याला म्हणालं, "अरे, असं होतं?"

"होतं," अक्का म्हणाली. "सगळ्यांचंच होतं. फक्त सांगत कुणी नाही."

मॅनेजर लाल झाले. पैसे परत मिळणार नाहीत, मशीनमध्ये दोष नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. अक्का म्हणाली, "पैसे कुणी मागितले? मला बॅटरीवर घोडा चालवायचाय. कसा चालेल ते सांगा. तोवर मी इथंच आहे." आणि खुर्चीचा ब्रेक लावला. खुर्ची बरोबर काउंटरसमोर होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण तिच्याकडं बघून मीही स्टूल ओढलं आणि शेजारी बसले.

वरच्या मजल्यावर दुरुस्ती करणारी एक तिशीतली बाई आवाज ऐकून खाली आली. तिनं आमचा लॅपटॉप उघडला आणि प्रथमच कुणीतरी अक्काकडं बघून बोललं. "अक्का, चार्जर जेवढी वीज देतो तेवढी बॅटरी एका दमात देऊ शकत नाही. दिली तर ती तापेल, लवकर मरेल. म्हणून मशीन आपलं आपण जोर कमी करतं. घोडा, डोंगर, पाणी, सावल्या सगळं पूर्वीसारखं काढायचा प्रयत्न करतं आणि दमतं. एका सेकंदात कधी पन्नास चित्रं काढतं, कधी बारा. तुम्हाला गरगरतं ते त्या कमी-जास्तीनं."

"मग बारीक पण एकसारखा टाका घालायला सांग त्याला," अक्का म्हणाली.

बाईंना गंमत वाटली. "तेच करायचं. वायर निघाली की आपोआप सेकंदाला तीसच चित्रं काढ, जास्त नाही, असं बांधून घालू. पण त्यासाठी काहीतरी सोडावं लागेल. सावल्या काढून टाकू?"

"काढ."

"पाण्यातलं प्रतिबिंब?"

"काढ. मला तोंड बघायचं नाही पाण्यात."

"लांबचे डोंगर थोडे पुसट होतील."

अक्का थांबली. "होऊ देत. जवळ गेल्यावर दिसतीलच."

"गवत?"

"गवत नाही," अक्का म्हणाली. "गवत राहू दे."

तासभर दोघींचं हे चाललं. काही बदलायचं, वायर काढायची, घोडा चालवून बघायचा, पुन्हा बदलायचं. शेवटी अक्का म्हणाली, "साकु, बस झालं. जमलं." घोडा संथ पण सरळ चालत होता. पन्नास-पंचावन्न मिनिटं बॅटरी पुरेल, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं.

घरी पोचलो तर अण्णा दारात उभा. दुकानातला तमाशा आमच्याआधी गावात पोचला होता.

"लोक हसायलेत," तो म्हणाला. "या वयात दुकानात धरणं धरून बसलीस, ते पण खेळण्यासाठी?"

"हसू देत."

"तुला काय कमी केलं गं मी?" अण्णाचा आवाज एकदम फुटला. "शाळेला पाठीवर घेऊन गेलो. पाऊस-चिखल बघितला नाही. आता तुला खोटा घोडा पाहिजे?"

मला वाटलं, आता अक्का रडेल. लहानपणी अण्णा तिला पाठुंगळी घेऊन निघाला की मी दोघांची दप्तरं घेऊन मागं चालायची. अक्का रडली नाही. हळू पण ठाम म्हणाली, "तू नेलंस म्हणून मी शिकले. ते मी विसरणार नाही. पण अण्णा, कुठं जायचं ते तू ठरवायचास. शाळा, दवाखाना, लग्नघर. मी एकदाही म्हणाले नाही, त्या तळ्याकडनं ने, उगीच. तुझी पाठ दुखत असायची, कसं म्हणणार? हा घोडा दमत नाही. याला मी वाटेल तिकडं वळवते. आणि मी कुणाचं देणं लागत नाही."

अण्णा परसात निघून गेला. वहिनींनी मला डोळ्यांनी खुणावलं, राहू दे. त्या रात्री तो जेवायला उशिरा आला, पण अक्काच्या खोलीच्या उंबऱ्याशी थोडा वेळ थांबला, हे मी पाहिलं.

पुढच्या शनिवारी मी गेले तेव्हा अक्का एका मोठ्या घाटाच्या पायथ्याशी होती. दोन वाजता वीज गेली. पडद्यावरच्या सावल्या पुसल्या गेल्या, लांबची शिखरं धुरकट झाली. घोडा चालत राहिला. अक्कानं घड्याळाकडं पाहिलं आणि पुटपुटली, "पंचावन्न मिनिटं." वळणावळणाची वाट होती, एका बाजूला दरी. ती घाई करत नव्हती. अण्णा पाणी प्यायच्या निमित्तानं आत आला आणि उभाच राहिला.

"वर काय आहे?" त्यानं विचारलं.

"मला काय माहीत? अजून गेले कुठं मी?"

तो कॉटच्या कडेवर टेकला. बॅटरी अर्ध्यावर आली, मग त्याहून खाली. शेवटच्या चढावर गवत वाऱ्यानं एका अंगाला झुकलं होतं. तेवढ्यात पंखा फिरायला लागला. वीज आली होती. अण्णा लगबगीनं उठला आणि चार्जरची वायर घेऊन लॅपटॉपकडं वाकला.

"थांब," अक्का पडद्यावरून नजर न हटवता म्हणाली. "लावू नको. वायर लावली की चित्र एकदा मिचकतं. आणि मी अजून वर पोचले नाही."

अण्णा वायर हातात धरून उभा राहिला.