न मोजलेल्या शंभर पेशी

हे मी कोणाजवळ बोललो नाही — बायकोजवळही नाही. तुला सांगतोय ते कीव यावी म्हणून नाही. येत असेल, तर इथंच थांब.

मी जंगलाकडच्या एका दवाखान्यात रक्त तपासतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच, आणि हे मी कोणाला विसरू देत नाही. पांढरा कोट घरूनच घालून निघतो. हसू नको.

आमच्या कामात एक चोरी चालते. काचेवर रक्त पसरायचं, रंगवायचं, मायक्रोस्कोपखाली शंभर पांढऱ्या पेशी एकेक ओळखून, कोणत्या जातीच्या किती ते मोजायच्या. कंटाळा आला की कोणी कोणी न बघताच लिहितं — बासष्ट, बत्तीस, चार, दोन. बेरीज शंभर. कोण विचारतं? अशांना मी तोंडावर चोर म्हणायचो.

त्यातला ‘चार’ हा आकडा इओसिनोफिलचा. नारिंगी दाण्यांनी भरलेल्या पेशी. जंत गिळता येईल एवढा लहान नसतो, म्हणून या पेशी त्याला घेरतात, दाण्यांतलं विष त्याच्या अंगावर ओततात. त्या वाढलेल्या दिसल्या, की जंताचा संशय घ्यायचा, शौच तपासायचं. एवढं सोपं.

कौसल्याकाकी आली ती धापा टाकत. आमच्या शेजारची. जन्मभर चिखलात अनवाणी धानाचा रोवणा केलेली — आणि रक्त पिणारे अंकुशकृमी मातीतून, तळव्यातूनच शिरतात, हे मला तोंडपाठ होतं. बाकावरच्या लोकांना ऐकू जाईल असं काकी म्हणाली, "कोटवाला साहेब झाला का बे? याच्या पोटातले जंत म्याच पाडले! पळसाच्या बिया गुळातून चारल्या, तं नागडाच पळे वावरभर!"

बाक हसला. नर्सबाई तर भिंतीला टेकून हसली.

खरंच होतं ते. म्हणूनच झोंबलं ना?

सुई मी मुद्दाम जोरात टोचली — हेही ऐकून ठेव. हिमोग्लोबिन नीट तपासलं. साडेसहा — हवं त्याच्या जेमतेम निम्मं. काच रंगवली. पण मायक्रोस्कोपखाली ठेवलीच नाही. हिच्यासाठी मी डोळे फोडू? बासष्ट, बत्तीस, चार, दोन.

रिपोर्ट बघून डॉक्टरांनी नुसत्या लोहाच्या गोळ्या दिल्या. दोन महिन्यांनी रक्त तसंच. डॉक्टर तिच्यावर ओरडले — गोळ्या नाल्यात फेकता तुम्ही लोक! काकी माझ्याकडे वळली. "सांग ना रे, मी खोटं बोलून राह्यली का?"

तिची काच समोरच्या डब्यात होती. मी नळ्या धूत राहिलो.

पुढच्या रोवण्यात ती चिखलात कोसळली. जिल्ह्याच्या ठिकाणी एका नवख्या पोरीनं पेशी मोजल्या, शौच तपासलं. अंकुशकृमीची अंडीच अंडी. गोळीनं जंत पडले. पण रक्ताविना धडधडून फुगलेलं हृदय? ते फुगलेलंच राहिलं. वावर सुटलं तिचं.

तेव्हा कुठं मी ती काच बघितली. शंभरात एकतीस नारिंगी. तिच्या रक्तानं आपलं काम केलं होतं. काच मी फोडून टाकली.

काकी गावात सांगते — तेव्हा नसतील जंत, आपला पोरगा चुकत नाई. मी कधी खोडून काढलं नाही.

काकी पहिल्यांदा आली, त्या दिवशी गर्दी नव्हती. बाकावर सहाच जण होते. मला मोजता येत होतं.