कापलेली चार मिनिटं

गेल्या महिन्यात आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर माझं कौतुक झालं. माझ्या थोरल्या बहिणीच्या नातीला पिंपळगावच्या घरात कपाटाच्या तळाशी एक जुनी डीव्हीडी सापडली. तिनं ती कुठून तरी मोबाइलवर घेतली आणि सगळ्यांना पाठवली. वीसेक वर्षांपूर्वी नाशिकच्या एका केबल चॅनेलवर झालेली ताईची मुलाखत. मग हात जोडलेली आणि फुलांची चित्रं धडाधड येऊन पडली. 'मामांनी जपलं म्हणून आज बघायला मिळालं.' 'भाऊ असावा तर असा.' कुणीतरी माझा जुना फोटो शोधून त्याला हारसुद्धा घातला, मी अजून जिवंत आहे हे विसरून.

मी फोन पलंगावर आपटला. माझी बायको असती तर म्हणाली असती, "का हो, गोड लागत नाही का?"

भाऊ असावा तर असा! या भावानं त्या मुलाखतीचं काय केलं ते आता ऐका. ग्रुपवर चार ओळींत ते मावणार नाही, म्हणून इथं सबंध लिहितो आहे.

अंबडच्या कारखान्यातून मी मुदतीआधी निवृत्त झालो तेव्हा मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी गेला होता आणि त्याचा कॉम्प्युटर इंदिरानगरच्या आमच्या घरात पडून होता. मी त्यात टीव्हीचं कार्ड बसवून घेतलं. केबलची वायर टीव्हीतून काढून कॉम्प्युटरच्या पाठीमागे खोचायची, बटण दाबायचं, की जे लागलं असेल ते आत साठत जायचं. नंतर ते डीव्हीडीवर उतरवायचं. तासाभराच्या कार्यक्रमाला अख्खी दुपार जायची आणि मधेच लाइट गेली की डिस्क वाया. वाया गेलेल्या डिस्क मी पिंपळगावला पाठवायचो. ताईचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, त्या द्राक्षबागेत तारेला बांधायचे. चकाकल्या की पाखरं बसत नाहीत.

माझी खरी ख्याती होती ती जाहिराती कापण्यासाठी. कॉलनीत कुणाला मालिकेचा शेवटचा भाग हवा, कुणाला नाटक हवं, की माझ्याकडे यायचे. शेजारचे म्हणायचे, "काका, तुमची डीव्हीडी म्हणजे साबण नाही, टूथपेस्ट नाही, नुसतं सोनं." मी फुगायचो. कापण्याचं एक तंत्र असतं. नको असलेला भाग सुरू होतो त्याच्या आधीच्या चित्रावर एक खूण, तो संपतो त्याच्या पुढच्या चित्रावर दुसरी खूण, आणि मधलं पुसायचं. बोलणाऱ्यानं श्वास घेतलेला असताना कापायचं नाही, श्वास सोडला की कापायचं. म्हणजे जोड कानाला कळत नाही. हे मी स्वतः शोधून काढलं होतं. त्याचा मला केवढा अभिमान होता! आज आठवलं की शिसारी येते.

ताईची मुलाखत झाली ती तिच्या वर्गामुळे. पिंपळगावच्या एका पॅकहाऊसमध्ये द्राक्षं निवडायला येणाऱ्या बायकांना ती संध्याकाळी मागच्या शेडमध्ये लिहायला-वाचायला शिकवायची. स्वतः नववीतून शाळा सुटलेली, पण शिकवणं असं की खोक्यावरचा एक शब्द ओळखता न येणाऱ्या बायका वर्षभरात पोरांची प्रगतिपुस्तकं वाचायला लागल्या. हे चॅनेलवाल्यांच्या कानावर गेलं आणि त्यांनी तिला बोलावलं. मुलाखत आधी घेतली होती, दाखवणार होते नंतरच्या एका दुपारी.

आदल्या दिवशी तिचा फोन आला.

"अरे, ते चॅनेल आमच्याकडं दिसत नाय. तू भरून ठेवशील ना?"

"भरतो की. त्यात काय एवढं?"

"नीट भर. सगळं भर. तुझ्या दाजींना दाखवायचंय. त्यांनी ऐकलं पाहिजे."

"बायकोला टीव्हीवर बघून दाजी खूश होतील," मी चेष्टा केली.

"खूश नाय झाले तरी चालंल," ती म्हणाली. "ऐकलं पाहिजे."

तिला नेमकं काय ऐकवायचं होतं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. ते सांगण्याआधी साठ वर्षांहून जुनी एक गोष्ट सांगायला हवी.

शहराबाहेर आमचा मळा होता. झेंडू, शेवंती, थोडा भाजीपाला. ताई नववीत होती आणि मी सातवीत. ती वर्गात पहिली यायची, मी कसाबसा पास व्हायचो. एकदा गणिताच्या मास्तरांनी मला बाकावर उभं केलं, ताईला तिच्या वर्गातून बोलावून घेतलं आणि माझं न सुटलेलं गणित फळ्यावर तिच्याकडून सोडवून घेतलं. वर्ग खदखदून हसला. सुटी झाली तरी मास्तरांनी मला खाली उतरू दिलं नाही. त्या संध्याकाळी मी वडलांना सांगितलं, "ताई मधल्या सुटीत विहिरीपाशी मोठ्या पोरांबरोबर हसत उभी असते."

मी ते पाहिलेलं नव्हतं. मी तर बाकावर उभा होतो.

दुसऱ्या दिवसापासून ताईची शाळा बंद. दीड-दोन वर्षांत लग्न. शाळा का सुटली ती कुजबुज तिच्याबरोबर पिंपळगावला गेली. आधी सासू आणि नंतर नवरा, दोघांनी ती आयुष्यभर काठीसारखी वापरली. ती जास्त बोलली, माहेरी राहते म्हणाली, वर्ग घेते म्हणाली, की दाजी हसून म्हणायचे, "तुमची शाळा का सुटली, ठाऊक हाय आम्हाला." मी कित्येकदा त्यांच्या घरी पाटावर बसून पुरणपोळी खाताना हे ऐकलं आहे. आणि गप्प बसून दुसरी पोळी घेतली आहे. मी पुढं डिप्लोमा केला, कारखान्यात साहेब झालो, कॉलनीच्या सोसायटीचा सेक्रेटरी झालो. ताईची शाळा कुणामुळे सुटली ते ताईला ठाऊक नाही, हे मी धरूनच चाललो होतो.

मुलाखत लागली तेव्हा बायको आणि मी दोघं पडद्यासमोर. ताई खुर्चीत ताठ बसलेली, समोरच्या छोट्या टेबलावर पाण्यानं भरलेला काचेचा ग्लास. प्रश्न विचारणारी मुलगी तरतरीत होती. तिनं विचारलं, "ताई, तुमचं स्वतःचं शिक्षण किती?"

"नववी," ताई म्हणाली. आणि पुढची चार मिनिटं ती थांबलीच नाही. शाळा का सुटली ते तिनं सगळं सांगितलं. विहीर, वडील, आणि सांगणारा भाऊ. तिला सगळं ठाऊक होतं. पंचेचाळीस वर्षं ठाऊक होतं. शेवटी तिनं ग्लास उचलला, सगळं पाणी प्यायली, आणि मग वर्गाबद्दल बोलायला लागली.

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. लाज नव्हे, तेव्हा लाज वाटली असती तर बरं झालं असतं. मला राग आला, आणि तोही तिचा! चारचौघांत? टीव्हीवर? कॉलनीत कुणी बघितलं असेल? दुपारची वेळ, बहुतेक कुणी बघितलं नव्हतं. म्हणजे आता ते फक्त माझ्या कॉम्प्युटरमध्ये होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसलो आणि कापलं. 'नववी' या शब्दानंतर तिनं श्वास सोडला तिथं एक खूण. रिकामा ग्लास टेबलावर ठेवून तिनं 'मग आम्ही शेडमध्ये वर्ग सुरू केला' म्हटलं तिथं दुसरी. खुणा अचूक पडाव्यात म्हणून ती चार मिनिटं मी मागेपुढे करून किती वेळा ऐकली ते सांगता येणार नाही. पाठ झाली. जोड सुरेख बसला. मूळ फाइल पुसली, कचऱ्याच्या डब्यातूनही काढून टाकली. मग दहा डिस्क काढल्या आणि वर सुबक अक्षरात ताईचं नाव घातलं.

बायकोनं ती डिस्क टीव्हीवर लावून पाहिली. ती आदल्या दिवशी माझ्या शेजारी बसलेली होती.

"मधलं कुठं गेलं?"

"जाहिराती कापल्या," मी म्हणालो.

"जाहिरात? ती तुमची बहीण होती."

त्यानंतर ती महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलली. पण तिनंही ताईला सांगितलं नाही. तिला का दोष देऊ? माझं तोंड माझ्याजवळ होतंच ना.

रविवारी आम्ही पिंपळगावला गेलो. ताईनं ओसरी झाडून सतरंजी घातली होती, शेजारच्या चार बायका बोलावल्या होत्या, दाजींना टीव्हीच्या अगदी समोर खुर्ची दिली होती. डिस्क मीच घातली. ताई दाजींकडे बघत होती, पडद्याकडे नाही. 'नववी' असं टीव्हीतून आलं. तिनं पदर सावरला. आणि टीव्हीतली ताई लगेच वर्गाबद्दल बोलू लागली.

ताईनं पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मुलाखत संपली, बायकांनी टाळ्या वाजवल्या. दाजी उठले, खिशातून तंबाखूची पुडी काढली आणि म्हणाले, "एवढंच? मला म्हणे ऐकाच, ऐकाच. काय ऐकायचं होतं यात? बांधू का हिलापण बागेत?"

सगळे हसले. मीसुद्धा हसलो. हे वाक्य लिहिलंच पाहिजे: मीसुद्धा हसलो.

निघताना ताई फाटकापर्यंत आली.

"मधलं थोडं नाय आलं वाटतं."

"केबलचा सिग्नल गेला होता गं. मधेच चित्र जातं त्यांचं."

"असंल," ती म्हणाली.

तिनं चॅनेलकडेही विचारून पाहिलं, हे मला नंतर कळलं. त्यांनी त्या कॅसेटवर दुसरा कार्यक्रम भरला होता. मी मात्र पुढची कित्येक वर्षं त्या केबलवाल्याला भेटेल त्याच्यासमोर शिव्या दिल्या. 'ऐन वेळी सिग्नल घालवतो मेला.' त्या माणसाचा सिग्नल त्या दिवशी काचेसारखा स्वच्छ होता. दाजी पाच वर्षांनी गेले. जाताना त्यांच्या डोक्यात माझंच वाक्य होतं, मी बारा वर्षांचा असताना बोललेलं. ते बदलायची एक संधी माझ्या बहिणीनं साठाव्या वर्षी स्वतःच्या हिमतीनं मिळवली होती, आणि ती मी माउसच्या दोन टिचक्यांनी पुसली. बारा वर्षांच्या पोराला एक वेळ सोडून देता येईल. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला कशासाठी सोडायचं?

ग्रुपवरचा कौतुकसोहळा चालू असताना त्या नातीचा मला वेगळा फोन आला.

"मामाआजोबा, एक विचारू? आजीच्या समोरचा ग्लास भरलेला असतो आणि एकदम रिकामा होतो. आजी पाणी पिताना दिसतच नाही. असं कसं?"

पोरीनं एकदा बघून ओळखलं. मी एवढा तंत्रज्ञ, आवाजाचा जोड बसवला आणि ग्लासाकडे लक्षच दिलं नाही. मी तिला म्हणालो, "आजीला फोन दे."

ताई आता ऐंशीच्या पुढे आहे. कानानं कमी ऐकते, बाकी खणखणीत. मी ओरडून ओरडून सगळं सांगितलं. माझ्या घराच्या भिंतींनीही ऐकलं असेल. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ग्लास मीपण त्याच दिवशी पाह्यला होता."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तू बोलतोस का ते बघत होते. लय वर्षं बघितलं." मग तिनं विचारलं, "तुला आठवतं का मी काय बोलले होते ते?"

"शब्दन्‌शब्द."

"मग लिही. सगळ्यांना वाचून दाखव. फक्त शेवटचं ते तुझ्यावरचं वाक्य लिहू नको. ते तेव्हाचं होतं. आता माझ्याकडं ते नाय."

तर हे ताईचे शब्द, मी कापलेले:

"नववी. पुढं शिकले नाय ते माझ्या वागण्यामुळं नाय, हे मला आज सांगायचंय. माझ्या घरच्यांनी ऐकावं म्हणून सांगते. सुटीत मी विहिरीपाशी असायचे. शाळेचे माठ भरायची पाळी आमच्या वर्गाची होती. पोरं पाणी ओढायची, आम्ही पोरी कळशा धरायचो. हसतही असंन. चौदा वर्षांची पोर हसणार नाय तर काय करंल? माझ्या भावानं वडलांना भलतंच सांगितलं. त्यानं पाह्यलं नव्हतं, तो वर्गात शिक्षा भोगत होता. वडलांनी मला विचारलंच नाय. मुख्याध्यापक आमच्या बांधावर आले, पोरीला पाठवा म्हणाले, तेव्हा मी शेवंती खुडत होते. मी मान वर केली नाय. माझं चुकलं ते एवढंच. मान वर करायला पाहिजे होती. माझ्या वागण्यात काही नव्हतं. काहीसुद्धा नव्हतं."

यानंतर एक वाक्य होतं, त्यात तिनं मला माफ केलं होतं. ते मी पुन्हा गाळलं आहे, या वेळी तिच्या सांगण्यावरून.

मग तिनं ग्लास उचलला आणि सगळं पाणी प्यायली.