एकमेकांच्या भाषेत

आमची लॉन्ड्री एका हॉटेलच्या तळघरात आहे. ओल्या चादरी एका बाजूने तापलेल्या रोलरमध्ये सरकवायच्या, दुसऱ्या बाजूने कडक होऊन आल्या की दोघींनी कोपरे धरून घडी घालायची. माझ्यासमोर कायम इस्त्रीकाकू. रोलरच्या घरघरीत गप्पा मारायच्या तर घसा फाडावा लागतो, म्हणून तळघरातल्या बाकीच्या बायका गप्प राहतात. काकूंचं तसं नव्हतं. त्या ओरडून सांगायच्या, आणि सांगायच्या ते फक्त नवऱ्याचं.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याची भाषा स्लोव्हाक, काकूंची झारखंडकडची संताली. लग्न ठरायच्या आधी एकमेकांवर छाप पाडायला त्याने संताली शिकायला घेतली आणि काकूंनी स्लोव्हाक. लोक लग्न झालं की असली थेरं सोडून देतात. यांनी त्याचा नियमच केला. घरात त्याने संतालीत बोलायचं, काकूंनी स्लोव्हाकमध्ये. जो चुकून स्वतःच्या भाषेत घसरेल त्याने चहा करायचा.

"मग चहा कोण करायचं?" मी विचारलं.

"आमचे हेच. मी कशाला घसरतेय!"

दोन्ही भाषांची त्या अशी काही उणीदुणी काढायच्या, जणू दोन सुना घरात नांदताहेत. स्लोव्हाकमध्ये टेबल तो, पुस्तक ती आणि खिडकी ते. आपल्याला यात नवल नाही, पण काकूंना पटायचं नाही. "कुणी वाकून बघितलं होतं?" म्हणायच्या. संतालीत तो-ती-तेची भानगडच नाही, फक्त जीव असलेलं आणि नसलेलं. त्यातही सूर्य, चंद्र, चांदण्या जीव असलेल्यांत. हे कळल्यावर काका हटून बसले, की मग लिफ्टसुद्धा जिवंतच. वर जाते, खाली येते, रुसते, आणखी काय हवं?

आपल्याकडे आम्ही आणि आपण वेगळं असतं तसं संतालीतही असतं, वर फक्त दोघांपुरतं आणखी वेगळं. स्लोव्हाकमध्ये सगळ्यांना मिळून एकच शब्द. काकूंना तो कंजूसपणा वाटायचा. उलट काकांना संताली शब्दांचे शेवट जमायचे नाहीत. तिथे कित्येक शब्द घशातच अडवायचे असतात, आणि काका ते अडवू जायचे तर शेवटी थोडा वारा सुटायचाच, झाकण नीट न बसलेल्या डब्यासारखा. शिवाय स्लोव्हाकच्या सवयीने प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर जोर. काकू कधी सुधारायला गेल्या नाहीत. "गोड वाटायचं गं," म्हणायच्या.

भांडणंही याच नियमात व्हायची, त्यामुळे लवकर मिटायची. दुसऱ्याच्या भाषेत पोटभर भांडता येत नाही, शब्द शोधेपर्यंत राग निवतो.

मूलबाळ झालं नाही. काका गेले तेव्हा कामावरच्या आम्ही सगळ्या जाऊन आलो. त्यानंतर काकू ओरडेनाशा झाल्या. घडी घालताना नजर चादरीवर. आमच्या शहरात त्यांची भाषा बोलणारं कुणी नाही, काकांचीही नाही. माझ्याशी बोलत होत्या ती कामापुरती भाषा, मीठ कमी पडलेल्या भाजीसारखी. एकटेपणा म्हणजे काय ते मला काकूंकडे बघून कळलं, आणि मला त्याचा रागही यायचा, कारण माझ्या हातात काही नव्हतं.

माहेरचा एक भाऊ होता, धाकटा. काकूंनी परका नवरा केला म्हणून त्याने त्या निघताना, "तू आम्हाला मेलीस," असं तोंडावर सांगितलं होतं. तेव्हापासून बोलणं बंद. आता कुणाकडून तरी त्याला काका गेल्याचं कळलं आणि निरोप आला, की रविवारी फोन करतो.

काकूंच्या अंगात एकदम जीव आला. "आता माझ्या भाषेत बोलायला मिळणार," दर दोन घड्यांमागे एकदा म्हणायच्याच. पण एकटीने फोन घ्यायचा धीर होईना, म्हणून मला घरी बोलावलं. धुतलेली साडी नेसून खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या.

फोन वाजला. काकूंनी तो कानाला लावला, तोंड उघडलं आणि बाहेर आली स्लोव्हाक. त्यांनी जीभ चावली. पुन्हा सुरुवात केली. हळू, अडखळत, एकेक शब्द हाताने चाचपून उचलावा तशी. मला संताली येत नाही, पण ऐकूनच कळत होतं. प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर जोर होता आणि शेवटी थोडा वारा सुटत होता.

इतकी वर्षं ती भाषा कानावर पडत होती, म्हणून ती आपल्या तोंडातही आहे असं त्या धरून चालल्या होत्या. तोंडात होती, पण काकांची.

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. काकूंनी फोनवर तळवा दाबून धरला. त्यांचा चेहरा मला बघवेना.

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, बाई, तुम्ही कोण ते माहीत नाही, पण आमची भाषा चांगली शिकलात. माझ्या बहिणीला जरा बोलावता का?"

"अहो, मग सांगा ना, मीच म्हणून!"

काकूंनी मानेनेच नाही म्हटलं आणि तळवा काढून दोनच शब्द बोलल्या. ती घरात नाही, असं सांगितल्याचं त्यांनी नंतर मला सांगितलं.

मला वाटलं, संपलं. पण पलीकडचा फोन ठेवेना. बराच वेळ तो बोलत राहिला, मध्येच त्याचा आवाज फुटला. काकू डोळे मिटून हं, हं करत होत्या. शेवटी एकच शब्द बोलून त्यांनी फोन ठेवला.

"काय बोलला एवढं?"

"ती निघताना मी जे बोललो ते लागलंय मला, म्हणाला. इतकी वर्षं. तिच्यासमोर हे तोंडातून निघायचं नाही, म्हणून तुम्हीच सांगा. ती माझ्यावर रागावलेली नाही ना, तेवढं विचारून ठेवा."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"विचारते म्हटलं."