बेडकाला बुडवलं, स्वयंपाकघर सरकलं

बेडूक पाण्यात बुडतो. हे मी स्वतः बुडवून पाहिलेलं आहे. (आणि हो, मी बारावीला जीवशास्त्र शिकवायचो!)

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात कळंब्याला आमच्या घराचा पाया खणणं चाललं होतं. कमरेएवढ्या खोल, पहारीलाही दाद न देणाऱ्या मातीतून दत्तू गवंड्याच्या खोऱ्यावर एक ढेकूळ आलं. ढेकळानं डोळे उघडले! लिंबाएवढा, गोलमटोल, मान नसलेला बेडूक! टिपूस पाणी नाही, आणि हा गडी आत किती महिने बसला होता, कुणास ठाऊक.

"तहानेनं जीव चाललाय बिचाऱ्याचा," मी निदान केलं आणि त्याला भरल्या बादलीत सोडलं.

गारगोटीहून आलेल्या माझ्या सासूबाई बादलीत डोकावल्या. "अवो जावईबापू, बुडाय लागलाय की त्यो!"

"मामी, बेडूक कधी बुडतो का? पोहतोय तो."

"गटांगळ्या खातोय! मातीतला हाय त्यो, डबक्यातला न्हवं!"

"पण पुस्तकात..."

"पुस्तक घाला चुलीत!" पदर खोचून त्यांनी बादलीत हात घातला. बेडूक तळहातावर निपचित! वर्गात इतके बेडूक फाडले, पण हा एक वाचावा म्हणून मी ज्योतिबाला नवस बोललो.

शेजारी स्वयंपाकघराची भिंत चुन्याच्या फक्कीनं आखली होती. तिथल्या उकरलेल्या मातीवर मामींनी त्याला ठेवलं. बराच वेळ काही नाही. मग गळा धडधडला. मागचे पाय हलले. टाचेला चक्क खोऱ्यासारखी कड! पठ्ठ्या उलटा, ढुंगणाकडून जमिनीत शिरायला लागला. पोट गेलं, पुढचे पाय गेले. शेवटी राहिले दोन डोळे, माझ्याकडे रोखलेले. तेही मिटले, आणि वर माती मिटली. दत्तूनं मुंडासं काढून हात जोडले.

"मास्तर, हितं म्या पहार मारणार न्हाय!"

"अरे, पण भिंत इथंच आहे ना!"

"मग भिंत सरकवा की!" मामींचा हुकूम सुटला.

आजही आमचं स्वयंपाकघर दोन फूट तिरकं आहे. पावणं विचारतात, "सर, वास्तुशास्त्र कुणाकडनं बघून घेतलं?"

"ह्यांच्या गुरूंकडनं!" बायको आतून ओरडते.

गुरूंनी शिष्याकडे एकदा नीट बघितलं आणि स्वतःला जिवंत गाडून घेतलं, एवढं मात्र मी कुणाला सांगत नाही!