दोष तेलावर ढकलला

माझा सगळा राग एका शब्दावर आहे, आणि तो शब्द माझ्याच हातचा आहे. बाळाच्या केसपेपरवर मी लिहिलं होतं, "तेलामुळे".

मी मूळची उमरीची. नांदेडला नर्सिंग केलं आणि नोकरीसाठी लातूरला आले. वेळेआधी जन्मलेली बाळं जिथं काचेच्या पेटीत ठेवतात, त्या वॉर्डात. या बाळांचा मेंदू इतका कोवळा असतो की आत रक्तस्राव झाला, झटके आले, तरी बऱ्याचदा वरून काही कळत नाही. बाळ आपलं गुमान निजलेलं. म्हणून डोक्याला बारीक तारा चिकटवून मेंदूची नोंद घेणारा मॉनिटर लावतात. पडद्यावर एक पट्टा सरकत राहतो. तो मध्येच वर चढला की आत काहीतरी बिनसलंय असं समजायचं. मॉनिटर आला तेव्हा शिकवायला आलेल्या माणसानं तासाभरात सगळं गुंडाळलं, चहा घेतला आणि गेला. प्रशिक्षण झालं म्हणून आम्हीही निमूट सह्या ठोकल्या.

शिरूर अनंतपाळकडची एक पोर सातव्या महिन्यात जन्मून आमच्याकडं आली होती. आईचं बीपी उतरत नव्हतं, म्हणून बाळाला छातीशी धरून ऊब द्यायला रोज दुपारी आजी यायची, बापाची आई. त्या दिवशी मी दुसऱ्या बाळाची सुई लावून वळले, तर पोरीचा पट्टा वर चढलेला. जवळ गेले आणि खोबरेल तेलाचा वास आला. आजीनं तेलात भिजवलेला कापसाचा बोळा पोलक्यात लपवून आत आणला होता आणि तारांच्या मधोमध पोरीच्या टाळूवर ठेवला होता.

"आजी, काय केलंत हे?" मी ओरडलेच.

"टाळू भरली, बाई. लई सुकली व्हती. उघडी टाळू कुनी ठिवतं व्हय?"

तेलानं तारा सुटतात आणि नोंद चुकीची येते, तासाभराच्या त्या शिकवणीतलं एवढं माझ्या नेमकं ध्यानात होतं. मी आजीला अख्ख्या वॉर्डासमोर झापलं. मशीन तुमच्यामुळं बिघडलं, पोरीला काही झालं तर तुम्हीच जबाबदार, असं तोंडाला येईल ते बोलले. बाहेर उभ्या असलेल्या तिच्या मुलानंही सगळं ऐकलं. वॉर्डाच्या डॉक्टर सरांना फोन केला. ते म्हणाले, "पुसा आणि परत चिकटवा." मी पुसलं, परत चिकटवलं. पट्टा खाली येईना. कातडी अजून तेलकट असेल, असं मीच ठरवलं, केसपेपरवर तो शब्द लिहिला आणि पुढच्या पेटीकडं गेले. त्या पाळीला आम्ही दोघीच होतो. हे कारण मी इतक्या वेळा सांगितलंय की आता मलाच त्याची किळस येते.

चार वाजता सरांनी डोक्याची सोनोग्राफी केली. आत रक्त होतं. झटक्याचं औषध तेव्हा सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी मी मॉनिटरची नोंद मागं सरकवत बसले. पट्टा पहिल्यांदा चढला होता अकरा वाजून दहा मिनिटांनी. दारातल्या रजिस्टरवर आजीचा अंगठा बारा वाजताचा होता. म्हणजे आजी आत यायच्या आधी पन्नास मिनिटं पोरीचा मेंदू आम्हाला हाका मारत होता आणि मी त्याच पडद्यासमोरून ये-जा करत होते. औषध वेळेत गेलं असतं तर काय झालं असतं, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. या एका वाक्याच्या आड आम्ही सगळे किती आरामात लपलो!

मी सरांना दाखवलं. त्यांनी पडदा पाहिला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "सिस्टर, घरच्यांना कारण मिळालंय. आता उकरून काढाल तर तुम्हीच अडकाल." मला त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. प्रत्यक्षात मी मान हलवली आणि ड्युटीवर गेले.

वर्षानं ती पोर तपासणीला आली. मान धरत नव्हती. आई तिला मांडीवर घेऊन बसली होती, बाप शेजारी. आजी मात्र दाराबाहेर उभी. मी तिला आत बोलावलं तशी सून कडाडली, "त्यांना नका बोलवू. त्यांच्या तेलानंच माझ्या लेकराचं वाटोळं झालं."

मग माझा बांध फुटला. मी आजीचा हात धरून तिला आत आणलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं. तेल नंतर लागलं होतं. पोरीचा त्रास आधीच सुरू झाला होता. तो मी पाहिला नाही आणि दोष आजीवर ढकलला. सर खुर्चीतून उठले. बाप माझ्याकडं बघतच राहिला, आणि त्यानं दोन शिव्या हासडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आजी रडली नाही. तिनं माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला.

"तुला हे कवा कळलं, बाई?"

"दुसऱ्याच दिवशी."

"वरीस झालं, ह्यांनी एकदाबी लेकरू माझ्या हाती दिलं न्हाई. म्या शिवले की उचलून न्यायचे. तुला ठाव असून तू गप बसलीस?"

"हाव," मी म्हणाले.