सौताड्याच्या पायऱ्या आणि नायगावचे मोर

गेल्या भाद्रपदात एका रविवारी सकाळी चहा घेताना आमचे हे म्हणाले, "मंगल, सौताड्याचा धबधबा बघून येऊ."

मी कप खाली ठेवला. ह्यांची बायपास होऊन सहा महिने झाले होते. वायरमन माणूस, अर्धं आयुष्य विजेच्या खांबांवर चढण्यात गेलेलं. पण ऑपरेशननंतर मी त्यांना गच्चीवरसुद्धा एकट्याने जाऊ देत नव्हते. डॉक्टर म्हणाले होते, हळूहळू सगळं करा. त्यातलं 'हळूहळू' मी ऐकलं, 'सगळं' ह्यांनी.

"दरीत उतरायचं नाही. वरूनच बघायचं." या अटीवर निघालो.

वडवणीहून बीड, तिथून मांजरसुंब्याचा घाट आणि पुढे पाटोदा. गाडी मी चालवत होते, ब्रेक शेजारी बसलेले हे दाबत होते. घाट चढला की हवाच बदलते. दोन्ही बाजूंना तूर, बाजरी, आणि मागे बालाघाटाचे हिरवे डोंगर. पाटोद्याला गरम भजी खाल्ली. पाणी इथंच भरून घ्या, पुढे मिळेलच असं नाही.

सौताड्याला सपाट माळ चालता चालता एकदम तुटतो आणि विंचरणा नदी सरळ दरीत उडी घेते. काठावरून आवाज भरपूर येतो, पाणी मात्र अर्धंच दिसतं. खाली रामेश्वराचं देऊळ आहे, तिथवर पायऱ्या जातात. पायऱ्यांच्या तोंडाशी एक मावशी सीताफळं घेऊन बसल्या होत्या. आम्ही नुसतेच घुटमळतोय हे बघून त्या ह्यांना म्हणाल्या, "उतरा की भाऊ. एवढं आलाव अन् काठावरून माघारी जाता व्हय?"

"मला जायचंय," हे हळूच म्हणाले. "हिला भ्या वाटतं."

तक्रार नव्हती आवाजात. पण शेजारीपाजारी मी सगळ्यांना सांगत होते की ह्यांना आता जमत नाही. मावशी माझ्याकडे बघत होत्या. मी पदर खोचला आणि म्हणाले, "चला."

पायऱ्या ओल्या, शेवाळलेल्या. चपला घालून जाऊ नका, चांगले बूट हवेत. दोन्हीकडे गर्द झाडी, फांद्यांवर वानरं, पिशवी सांभाळा. खाली पोचल्यावर तुषारांनी दोघंही भिजलो. कड्यावरून पडणाऱ्या पाण्याकडे मान वर करून हे कितीतरी वेळ उभे होते. मी 'चला' म्हणाले नाही.

परत चढताना निम्म्यावर हे एकदम खाली बसले. हात छातीवर. मी मोबाईल काढला, रेंज नव्हती.

"काय होतंय? अहो, बोला ना!"

"दम लागलाय. दम." त्यांनी माझा हात धरून स्वतःच्या छातीवर ठेवला. "बघ. धडधडतंय, पण सरळ चाललंय."

खरंच सरळ चाललं होतं. माझंच काळीज वेड्यासारखं उडत होतं. "आधी तू पाणी पी," हे म्हणाले. मग प्रत्येक वळणावर बसत, गप्पा मारत वर आलो. मावशींनी पिकलेलं सीताफळ फोडून आमच्या हातात दिलं.

उन्हं कलताना परतीच्या वाटेवर नायगावच्या मयूर अभयारण्यात शिरलो. चौकीवरच्या वनरक्षकानं बजावलं, "गाडी बंद करून बसा, बोलू नका. याच टायमाला मोर बाहेर येत्यात. पिसारा मात्र दिसायचा न्हाई, पिसं झडल्यात आता."

थोड्या वेळात झुडपातून एक मोर बाहेर आला. शेपूट बोडकं, मान मात्र तीच, निळीभोर. आमच्यासमोरून डौलात रस्ता ओलांडून गेला.

"ह्याचंबी ऑपरेशन झालेलं दिसतंय," हे कुजबुजले. मी तोंडावर हात दाबून हसले. कधीपासून हसले नव्हते अशी.

दोघांचा सगळा खर्च पेट्रोल आणि भज्यांचा. मिळालं काय, ते दुसऱ्या दिवशी कळलं. सकाळी हे कण्हत उठले आणि मी हातातलं काम टाकून धावले.

"कुठं दुखतंय?"

"पोटऱ्या," हे खूश होऊन म्हणाले. "लई दुखतात."

माझ्याही दुखत होत्या. मी तेल कोमट केलं आणि आम्ही दोघं दारातल्या ओट्यावर पाय पसरून बसलो.